‘स्वेच्छेने’ या एका शब्दाची किंमत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरकपातीची बातमी आली की त्यात आकडा असतो. जुलै २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. तो आकडा घराघरांत पोचला. पण आकड्यातल्या प्रत्येक माणसापुढे, कुठल्याही कंपनीत, नंतर एक कागद सरकवला जातो. त्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. कागदावर मथळा असतो ‘परस्पर संमतीने सेवासमाप्तीचा करार’. सात-आठ पाने, इंग्रजीत, बारीक टायपात. खाली सहीची जागा आणि तोंडी सूचना : आज सायंकाळपर्यंत सही झाली तर पॅकेज, नाहीतर फक्त नोटीस पे, म्हणजे नोटिशीच्या काळाचा पगार.

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तरी कायदा सहा महिन्यांची मुदत ठेवून देतो. इथे वीस वर्षांची नोकरी सहा तासांत मोडायची असते.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करू. आपण सगळे ‘ले-ऑफ’ म्हणतो. आपल्या कामगार कायद्यात ले-ऑफ म्हणजे कच्चा माल, वीज, मशीन अशा कारणाने काही दिवस काम न देणे. त्यात नोकरी शाबूत राहते आणि पात्र कामगाराला निम्मे वेतन मिळते. नोकरी कायमची जाते तिला कायद्याचा शब्द आहे ‘छाटणी’. आणि छाटणी हा शब्द कागदावर येऊ नये, यासाठीच तो सात-आठ पानांचा कागद बनवलेला असतो.

त्यातले पहिलेच कलम पाहा. ‘कर्मचारी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.’ बाकी सगळी कलमे या वाक्याच्या पोटात आहेत. कंपनीने छाटणी केली, तर एक वर्षाची अखंड सेवा झालेल्या कामगाराला (बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की वर्ष धरतात) एक महिन्याची लेखी, कारणासह नोटीस किंवा तितके वेतन द्यावे लागते. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते, आणि सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष मोजावा लागतो. सरकारला कळवावे लागते. त्या प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, हा नियम पाळावा लागतो, नाहीतर का पाळला नाही ते लिहून ठेवावे लागते. त्याच जागांवर पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारावे लागते. ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात तर सरकारची आगाऊ परवानगी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ ला औद्योगिक संबंध संहिता लागू होण्यापूर्वी ही मर्यादा केंद्रीय कायद्यात १०० होती.

राजीनामा दिला की यातले काहीच लागत नाही. सरकारला कळवायचे नाही, ज्येष्ठतेची यादी लावायची नाही, भरपाई नाही. दोनशे माणसे गेली तरी कामगार खात्याच्या दप्तरी छाटणी शून्य. शिवाय नव्या संहितेने छाटणी झालेल्यांसाठी पुनर्कौशल्य निधी आणला आहे. त्यात मालकाने दर कामगारामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरायची आणि ती छाटणीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. राजीनामा दिलेल्याला हा निधीही नाही.

आयकरातही हा शब्द नडतो. कामगाराला मिळालेली छाटणीची भरपाई कायद्याने निघणाऱ्या रकमेइतकी, कमाल ५ लाखांपर्यंत, करमुक्त असते. मान्य नियमांत बसणाऱ्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतही ५ लाखांपर्यंत सूट आहे. पण साध्या राजीनाम्यासोबत दिलेली ‘सानुग्रह’, म्हणजे कंपनीने आपखुशीने दिलेली, रक्कम पगारात धरून पूर्ण करपात्र होते. म्हणजे रक्कम तीच, फक्त कागदावरचे नाव बदलले की हातात कमी पडते. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या, ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कक्षेतल्या कामगाराचे नुकसान आणखी आहे. कारखाना बंद पडल्याने किंवा छाटणीने नोकरी गेली तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून बेरोजगारी भत्ता मिळू शकतो. स्वतः राजीनामा दिलेल्याला ती खिडकी बंद.

आता पैशांकडे. पॅकेजची रक्कम एकरकमी सांगितली जाते, त्यातच मेख असते. एक उदाहरण मांडतो. भोसरीच्या कारखान्यातला ऑपरेटर, सेवा ११ वर्षे ७ महिने, बेसिक आणि महागाई भत्ता मिळून महिना २६,००० रुपये. घरभाडे भत्ता बाजूला ठेवू, म्हणजे हिशेब कमीत कमी धरला असे होईल. सेवा १२ वर्षे धरायची. ग्रॅच्युइटी (इथे महिन्याचे २६ दिवस धरतात) : २६,००० भागिले २६ गुणिले १५ म्हणजे वर्षाला १५,०००, बारा वर्षांचे १,८०,०००. छाटणीची भरपाई : इथे २६ ने भागायचे नाही, अर्धा महिना म्हणजे सरळ १३,०००, बारा वर्षांचे १,५६,०००. नोटिशीचे २६,०००. बेरीज ३,६२,००० रुपये. शिल्लक रजा, चालू महिन्याचे दिवस, बोनस हे सगळे याच्या वरचे.

या माणसाला सांगतात, ‘तीन लाख देतो, सगळे धरून.’ त्याच्या खात्यावर एका वेळी तीन लाख कधीच आलेले नसतात. तो सही करतो. प्रत्यक्षात त्याला पॅकेज काहीच मिळालेले नसते. कायद्याने जे द्यायचे होते त्यातलेच ६२ हजार कमी देऊन, वर त्याच्याकडून दावा न करण्याचे वचन लिहून घेतलेले असते.

म्हणून करार हातात आला की पहिला प्रश्न एकच विचारावा : यातले देणे किती आणि सानुग्रह किती, वेगवेगळे लिहून द्या. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, केलेल्या दिवसांचा पगार हे देणे आहे, त्यासाठी कुठल्याही करारावर सही करावी लागत नाही. वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यावर वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे, मग छाटणी असो वा राजीनामा. तरी ‘फुल अँड फायनल ४५ ते ६० दिवसांत, सर्व क्लिअरन्स झाल्यावर’ हे वाक्य अजून करारांत सर्रास दिसते. जुन्या नमुन्यातून उचललेले असते, कुणी बदललेले नसते. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर व्याज. ती रोखता येते ती गैरवर्तनासाठी बडतर्फ केलेल्याची, आणि तीही मालमत्तेचे नुकसान, दंगा-हिंसा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा मोजक्या कारणांनी. कपातीत गेलेल्याला यातले काहीच लागू होत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेला ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा स्पष्ट सांगत होता की त्याच्याशी विसंगत करार चालणार नाही. तेव्हा ‘ग्रॅच्युइटीसह सर्व हक्क सोडले’ असे ५०० रुपयांच्या स्टँपवर लिहिले तरी कायदा बदलत नाही.

हक्क सोडण्याचे कलम मात्र हसण्यावारी नेऊ नये. ‘सर्व ज्ञात-अज्ञात, आजचे व पुढचे दावे सोडून देत आहे’ असा मजकूर असतो. वैधानिक हक्क असे सोडता येत नाहीत, हे खरे. कायदेशीर मार्गाने दाद मागायला पूर्ण मज्जाव करणारा करार १८७२ च्या करार कायद्यानुसार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. बलाढ्य मालक आणि गरजू नोकर यांच्यातल्या एकतर्फी अटी टिकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ब्रजोनाथ गांगुली प्रकरणात १९८६ मध्येच म्हटले आहे. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेतले, वापरले आणि वर्षभराने दावा लावला, तर न्यायालय दारात उभे करत नाही. २००३ च्या ए. के. बिंदल निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले. त्यामुळे ‘दबावाखाली सही केली’ हे नुसते म्हणून भागत नाही. दबाव होता हे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कागदावर आलेले असावे लागते.

ते कसे, हे नीट सांगतो, कारण सगळ्यांचे गाडे इथेच अडते. मीटिंगचे बोलावणे आले की शक्यतो त्याआधीच स्वतःची कागदपत्रे स्वतःच्या मेलवर घ्यावीत : नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे, शेवटच्या बारा महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६, रजेच्या शिल्लकीचा स्क्रीनशॉट, कामाच्या मूल्यमापनाचे शेरे. कारण मीटिंग संपून जागेवर येईपर्यंत लॅपटॉप लॉक झालेला असतो. कंपनीच्या कामाच्या फाइल, ग्राहकांची माहिती, कोड यातले काहीही घेऊ नये. तेवढ्या एका फाइलवरून गुप्ततेचा भंग दाखवून पॅकेज अडवले जाते. मीटिंगमध्ये सही मागितली की ‘प्रत द्या, वाचून सांगतो’ एवढेच म्हणावे. प्रत देत नसतील तर तेही टिपून ठेवावे : तारीख, वेळ, खोलीत कोण होते, कोणते शब्द वापरले. आधार ओटीपी किंवा ई-सहीची लिंक आली तर ‘वाचून पाहतो’ म्हणून ओटीपी टाकू नये. ओटीपी टाकला की सही झाली.

सही करावीच लागली, घराचा हप्ता आहे, मुलाची फी आहे, हे समजण्यासारखे आहे. अशा वेळी सहीशेजारी ‘हक्क राखून’ असे हाताने लिहावे. तेवढेही करू देत नसतील, तर घरी आल्यावर त्याच रात्री एचआरला मेल पाठवावा. लांबलचक नको. ‘आज अमुक वाजता मला राजीनाम्याच्या मजकुरावर सही करण्यास सांगण्यात आले. मी स्वतःहून राजीनामा दिलेला नाही. मिळणारी रक्कम मी माझे कायदेशीर हक्क राखून स्वीकारत आहे.’ चार ओळी पुरतात. तोच मजकूर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोस्टाने पाठवावा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्टच्या नोंदणीसह पोचपावती मागून घ्यावी. पीएफच्या पोर्टलवर ‘नोकरी सोडल्याचे कारण’ काय टाकले आहे, तेही पाहून त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. करारात एक, पोर्टलवर दुसरे आणि रिलीव्हिंग लेटरवर तिसरेच कारण, असा प्रकार दुर्मीळ नाही आणि पुढे तो कामाला येतो.

यानंतर दाद मागायची ती समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. अर्जानंतर ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर कामगार स्वतः थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो. दाद मागायची मुदत जुन्या कायद्यात तीन वर्षे होती, आता दोन. आयटीवाल्यांना वाटते की आपण ‘कामगार’ नाही. हुद्द्यावर मॅनेजर लिहिले म्हणून कुणी व्यवस्थापक होत नाही. मुख्य काम काय होते, कुणाच्या रजा मंजूर करत होता का, कुणाला ठेवण्या-काढण्याचा अधिकार होता का, हे पाहतात. दिवसभर कोड लिहिणारा वा टेस्टिंग करणारा माणूस तांत्रिक काम करतो, आणि तांत्रिक काम कामगाराच्या व्याख्येत आहे. फक्त वर सांगितलेली परवानगीची अट कारखाने, खाणी, मळे यांनाच आहे, आयटी कार्यालयांना नाही. नोटीस आणि भरपाई मात्र तिथल्या कामगारालाही लागू आहे.

नोकरी सोडल्यावर वर्षभर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचे नाही, हे कलम तर विनोदाचा भाग आहे. करार कायद्याच्या कलम २७ खाली ते चालत नाही, हे आपली न्यायालये दशकानुदशके सांगत आली आहेत. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याचे बंधन टिकते, नोकरी संपल्यावरचे टिकत नाही. आणि इथे तर कंपनीनेच माणूस नको म्हणून काढलेला असतो! नको असलेला माणूस शेजाऱ्यालाही मिळू नये, असा हा मामला. पण कलम टिकत नाही म्हणून ते निरुपद्रवी नसते. पॅकेज तीन हप्त्यांत देतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्याला ही अट बांधतात. नोकरी मिळाली की हप्ता बंद. कोर्टात जाऊन तो हप्ता मिळवायला जितका खर्च येईल, तितका तो हप्ताच नसतो. तेव्हा रक्कम एकाच वेळी, तारीख लिहून मागावी. ‘यथावकाश’ हा शब्द दिसला की तो खोडून घ्यावा.

वसुलीचेही तसेच. जॉइनिंग बोनस, प्रशिक्षणाचा बाँड, स्थलांतराचा खर्च हे ‘दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास’ परत करायचे असतात. माणसाने नोकरी सोडलेली नाही, कंपनीने सोडवली आहे. पण पहिल्या कलमात ‘स्वेच्छेने’ लिहिल्यावर अकाउंट्सवाला बरोबर ती वजावट करतो, त्याचा काही दोष नसतो. करारात ‘कोणतीही वसुली नाही’ असे एक वाक्य मागून घ्यावे. एचआर हे वाक्य बहुधा देते, कारण ते तिला फुकट पडते. नोकरी कंपनीनेच संपवली असेल तर नोटीस पीरियड कमी भरल्याची वजावटही त्याच वाक्यात रद्द करून घ्यावी.

गुप्ततेच्या कलमात ‘करारातील मजकूर कोणालाही सांगणार नाही’ असते. कोणालाही म्हणजे बायको-नवऱ्यालाही, वकिलालाही? इथे जोडीदार, वकील, कर सल्लागार, सरकारी अधिकारी व न्यायालय यांचा अपवाद लिहून घ्यावा. ‘कंपनीबद्दल वाईट बोलणार नाही’ हेही एकतर्फीच असते. नव्या मालकाने विचारणा केली तर कंपनी काय सांगणार, ते कुठेच नसते. मागायचेच तर हे मागा : विचारणा झाल्यास फक्त हुद्दा आणि नोकरीच्या तारखा सांगितल्या जातील.

वाद लवादाकडे (कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्याकडे) जाईल, लवाद कंपनी नेमेल, बैठक बंगळूरला, हे कलम आयटीच्या करारांत हटकून येते. एका बाजूने एकट्याने लवाद नेमणे चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. आणि कामगार कायद्याखालचे वाद खासगी लवादात ढकलता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये किंगफिशर प्रकरणात म्हटले आहे. या कलमाला घाबरून तक्रार करायचे टाळू नये.

आरोग्य विम्याकडे सही करताना कुणाचे लक्ष जात नाही. गट विमा बहुधा शेवटच्या दिवशी मध्यरात्री संपतो. घरात डायलिसिस चालू असेल, बाळंतपण तोंडावर असेल, तर पॅकेजमधल्या दोन पगारांपेक्षा विम्याचे सहा महिने जास्त मोलाचे ठरतात, आणि कंपनीला ते तुलनेने स्वस्त पडतात. हे जरूर मागावे. निदान शेवटची तारीख लेखी घेऊन, त्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का ते पाहावे.

परदेशात काय आहे? अमेरिकेत, जिथे माणूस काढणे सर्वांत सोपे मानतात, तिथेसुद्धा चाळिशीपुढच्या नोकराने वयाच्या भेदभावाबद्दलचा दावा सोडायचा असेल तर त्याला करार वाचायला २१ दिवस, एकाच वेळी अनेकांना काढले असेल तर ४५ दिवस, आणि सही केल्यावर ती मागे घ्यायला ७ दिवस द्यावे लागतात. हा कायदा १९९० चा आहे. ब्रिटनमध्ये नोकराने स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतलेला नसेल तर असा करार वैधानिक हक्कांच्या आड येऊच शकत नाही, आणि त्या सल्ल्याच्या फीला बहुतेक वेळा मालकच हातभार लावतो. आपल्याकडे गिरण्यांच्या काळापासून स्वेच्छानिवृत्ती चालत आली आहे, पण वाचायला किती दिवस द्यायचे, हे कुठेच लिहिलेले नाही.

राज्य शासनाकडे मागणे फार नाही. सेवासमाप्तीचा कोणताही करार सहीआधी किमान २१ दिवस कामगाराच्या हातात असावा, मराठी प्रतीसह, आणि सहीनंतर ७ दिवसांत ती मागे घेता यावी. कायदेशीर देणे एका कागदावर आणि सानुग्रह रक्कम दुसऱ्या कागदावर, पहिला कागद बिनसहीचा. ठरावीक मुदतीत एकाच आस्थापनेतून, समजा, महिन्याभरात दहाहून अधिक ‘राजीनामे’ आले, तर त्यांची यादी कामगार आयुक्तांकडे आपोआप जावी. शेवटच्या मागणीला कंपन्यांचा सर्वाधिक विरोध होईल. बाकी दोन्हींत फक्त त्यांचे पैसे आणि वेळ जातो, या यादीने ‘स्वेच्छेने’ हा शब्द तपासला जाईल.

आपला,
कामगार कायद्याच्या क्षेत्रात काम करणारा एक वाचक,
चिंचवड, पुणे